दप्तरातले मौन आणि नभोवाणीचा कंठ

अमेरिकेतील सी. बी. एस. या नभोवाणी-संस्थेने १९५३ च्या जून महिन्यात ‘क्राइम क्लासिक्स’ नावाची एक मालिका सुरू केली आणि दूरचित्रवाणी नभोवाणीचे श्रोते एकेक करून ओढून नेत असतानाच्या त्या काळात जेमतेम वर्षभर चालवून १९५४ च्या जूनअखेर ती बंद केली. भयकथांचे त्या देशातील नभोवाणीला वावडे मुळीच नव्हते; १९३१ पासून ‘द विचेस टेल’, १९३४ पासून मध्यरात्री लागणारे ‘लाइट्स आउट’ आणि १९४१ पासून दाराच्या करकरीने आरंभ होणारे ‘इनर सँक्टम’, अशी त्या प्रकाराची एक परंपराच तेथे रुजली होती. परंतु या मालिकेचा विशेष हा, की तिच्यातील खून कोणा लेखकाच्या कल्पनेत झालेले नव्हते. ते इतिहासात घडले होते आणि बहुतेकांच्या मागे खटल्याचे कागद होते. जुन्या गुन्ह्यांचे वृत्तांत जमवण्याचा नाद असलेला एलियट लुइस हा तिचा निर्माता व दिग्दर्शक, मॉर्टन फाइन आणि डेव्हिड फ्रीडकिन हे तिचे लेखक, आणि पुढे १९६० साली हिचकॉकच्या ‘सायको’ला ज्याने संगीत दिले तो बर्नार्ड हरमन तिचा संगीतकार. टॉमस हायलंड नावाचा एक काल्पनिक सूत्रधार या हकीकती सांगे. लू मेरिल हा नट त्याची भूमिका अशा निर्विकार आणि किंचित मिस्कील स्वरात करी, की ऐकणाऱ्याला हसू आवरावे की शहारावे हे कळेनासे व्हावे.

या मालिकेचे पुष्कळसे भाग ध्वनिमुद्रित रूपात टिकून आहेत. ते ऐकून माझ्या परिचयाच्या दोन वृद्ध गृहस्थांमध्ये जो वाद झाला, तो पुढे दिला आहे. त्यांतील रावसाहेबांची हयात न्यायखात्यात गेली. नानांची ध्वनिक्षेपकासमोर, श्रुतिका लिहिण्यात आणि वठवण्यात.

रावसाहेब : नाना, तुमच्या आग्रहावरून मी हे भाग ऐकले, आणि ते ऐकताना कंटाळलो असे म्हणालो तर ती खोटी साक्ष होईल. किंबहुना कंटाळलो नाही, हीच माझी फिर्याद आहे. लंडनमध्ये १७२६ साली जॉन हेज नावाच्या इसमाचा त्याच्याच पत्नीच्या संगनमताने खून झाला. त्याचे शिर तोडून थेम्स नदीत टाकण्यात आले, आणि ते हाती लागल्यावर कोणीतरी ओळख पटवावी म्हणून वेस्टमिन्स्टरच्या सेंट मार्गारेट चर्चच्या आवारात खांबावर लावून ठेवण्यात आले. इतका भीषण प्रसंग उचलून तुमच्या मंडळींनी त्या भागाला नाव काय द्यावे, तर ‘जॉन हेज, त्याचे मस्तक, आणि उभयतांची ताटातूट’! शवचिकित्सेचे अहवाल मी उभ्या नोकरीत वाचले, पण त्यांपैकी एकही वाचताना कोणाला कोटी सुचल्याचे मला आठवत नाही.

नाना : कोटी आहे हे मला मान्य, रावसाहेब, पण ती कोणावर आहे, हे आपण पाहावे. पतीची हत्या हा त्या काळच्या इंग्रजी कायद्याने साधा खून नव्हता. तो स्वामिद्रोह होता, आणि त्यासाठी स्त्रीला जाळण्याची शिक्षा १७९० पर्यंत कायम होती. आधी गळा आवळून प्राण घ्यावा आणि मग देह जाळावा, एवढी दया वहिवाटीने दाखवली जाई; परंतु कॅथरीन हेजच्या वेळी ज्वाळांनी जल्लादाचे हात भाजले, त्याने दोरी सोडली, आणि ती बाई टायबर्नच्या मैदानावर जमलेल्या गर्दीसमोर जिवंत जळाली. यात हुकूम रीतसर होता आणि अंमलदार हजर होता. आता या दोन वधांपैकी कोणता सांगताना सूत्रधाराने कंठ सद्गदित करावा, आणि कोणता सांगताना करू नये? हायलंडचा कोरडा स्वर मला थट्टेचा वाटत नाही. तो आपल्या कचेरीतल्या शिरस्तेदाराचा स्वर आहे, जो जप्तीचा हुकूम आणि फाशीचा हुकूम एकाच चालीवर वाचून दाखवतो.

रावसाहेब : शिरस्तेदारावर आपण चांगला सूड उगवलात. बरे, स्वराचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवू. माझा दुसरा आक्षेप साधनाविषयी आहे. ‘लाइट्स आउट’मध्ये माणसाचे डोके तुटल्याचा आवाज हवा असला म्हणजे कोबीचा गड्डा सुरीने फोडीत, आणि विजेच्या खुर्चीत कोणाला भाजायचे असले म्हणजे ध्वनिक्षेपकाजवळ डुकराचे मांस तळीत, हे तुम्हीच मला कौतुकाने सांगितलेत. याचा अर्थ असा, की तुमच्या माध्यमात खऱ्या मस्तकापेक्षा कोबीचा गड्डा अधिक खरा ठरतो! कल्पित कथेत त्याने कोणाचे नुकसान होत नाही. पण जेथे मेलेला माणूस खरा आहे आणि त्याच्या दफनाची नोंद कोठे तरी आहे, तेथे कोबीला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करणे मला प्रशस्त वाटत नाही. श्रोत्यांवर या माध्यमाचा अंमल केवढा विलक्षण, हे तर ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री ऑर्सन वेल्सने मंगळवासीयांची स्वारी ऐकवली तेव्हा सिद्धच झाले. अवघा देश घरे सोडून पळत सुटला.

नाना : अवघा देश पळाला, हे आपल्याला कोणी सांगितले? दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी. त्याच रात्री पाच हजार घरांत टेलिफोन करून जी पाहणी झाली, तिच्यात तो कार्यक्रम ऐकत असल्याचे सांगणारे शेकडा दोनच निघाले. काही माणसे खरोखर घाबरली, हे खरे; परंतु राष्ट्रव्यापी पळापळ नभोवाणीने घडवली नाही, ती छापील मजकुराने घडवली, आणि जाहिरातींचे उत्पन्न नभोवाणीकडे जाऊ लागल्याने चिडलेल्या वृत्तपत्रांना ती घडवणे सोयीचेही होते. तेव्हा कागद तेवढा सत्यवचनी आणि आवाज तेवढा लबाड, अशी वाटणी करता येत नाही. शिवाय या मालिकेत कोबी फारसा चिरला जात नाही. हरमनचे संगीतही दोन-चार वाद्यांत आटोपते. तेथे मुख्यतः माणसे बोलतात.

रावसाहेब : माणसे बोलतात, हाच माझा तिसरा आणि खरा आक्षेप आहे, पहिले दोन त्याच्या वाटेवरचे होते. ॲडलेड बार्टलेटचा खटला घ्या. लंडनच्या पिम्लिको भागात राहणारा तिचा नवरा टॉमस एडविन बार्टलेट १ जानेवारी १८८६ च्या पहाटे मृत आढळला. त्याच्या जठरात क्लोरोफॉर्म भरपूर सापडले, पण ज्या घशातून ते खाली गेले असणार तो घसा मात्र भाजलेला नव्हता. जॉर्ज डायसन नावाच्या एका तरुण पाद्र्याने त्या बाईच्या सांगण्यावरून निरनिराळ्या दुकानांतून ते औषध थोडे थोडे विकत आणले होते. संशयाला एवढी जागा असूनही, ते विष जठरात गेले कसे हे सरकार पक्षाला सांगता येईना. संशय गंभीर आहे, पण ते कोणी व कसे दिले याचा पुरावा नाही, असे म्हणून ज्यूरीने तिला निर्दोष सोडले. तुमच्या मालिकेने हा प्रसंग ‘धक्कादायक रीतीने शांत निधन’ म्हणून सादर केला. आता नटीने या बाईचे संवाद म्हणायचे आहेत. तिने ते कोणत्या स्वरात म्हणावे? ‘निजा आता’ हे दोन शब्द निर्दोष बायकोच्या तोंडी एका रीतीने येतील आणि खुनी बायकोच्या तोंडी दुसऱ्या. ज्यूरीने जो निकाल दिला नाही, तो तुमची नटी या दोन शब्दांच्या उच्चारात देऊन मोकळी होते.

नाना : आणि तिला स्वतःला आपल्या कायद्याने काय दिले होते, तेही सांगा. इंग्लंडात आरोपीला स्वतःच्या बचावासाठी शपथेवर जबानी देण्याची मुभा १८९८ च्या कायद्याने मिळाली. म्हणजे १८८६ मध्ये ज्या बाईच्या गळ्याचा प्रश्न होता, तिचा गळा सोडून बाकी सर्वांचे गळे त्या न्यायालयात वाजले. डॉक्टर बोलले, औषधविक्रेते बोलले, आरोपातून मोकळा केलेला तो पाद्री बोलला, सर एडवर्ड क्लार्क तर तिच्या वतीने तासन् तास बोलले. ती मात्र बसून राहिली. सुटकेनंतर सर जेम्स पॅजेट नावाच्या प्रख्यात शल्यवैद्याने, आता शास्त्राच्या हितासाठी तरी तिने ती युक्ती सांगावी, असे म्हटल्याचे सांगतात. म्हणजे हसण्याचा अधिकारही थोरामोठ्यांनी बजावून घेतला. अशा बाईला सत्तर वर्षांनी कोणी कंठ दिला, तर तो अन्याय म्हणावा की उशिरा झालेला न्याय?

रावसाहेब : कंठ दिला, पण कोणाचा? तिचा नव्हे. ते मौन जुलमाचे होते हे मी नाकारीत नाही. परंतु मौन हा आरोपीचा किल्लाही असतो. अमेरिकेतील लिझी बॉर्डनला बोलण्याची कायद्याने मोकळीक होती आणि तरीही ती आपल्या खटल्यात साक्षीला उभी राहिली नाही. ४ ऑगस्ट १८९२ रोजी फॉल रिव्हर गावी तिचे वडील आणि सावत्र आई कुऱ्हाडीसारख्या शस्त्राने मारली गेली. मृत्यूच्या प्राथमिक चौकशीत तिने दिलेली जबानी न्यायालयाने पुराव्यात घेतली नाही, आणि २० जून १८९३ रोजी ज्यूरीने तिला सोडले. पण पोरांनी एक गाणे रचले. त्यात आईला चाळीस घाव आणि बापाला एक्केचाळीस. प्रत्यक्षात दोन्ही देहांवर मिळून सुमारे तीस होते. ती बाई १९२७ पर्यंत त्याच गावात जगली, आणि न्यायालयाने मोकळी केलेली असूनही त्या गाण्याच्या कैदेत जगली. आपल्याकडे आनंदीबाईंचे काय झाले? नारायणराव पेशव्यांच्या खुनाविषयी अस्सल कागदात काय सापडते याची पंचाईत न करता एका अक्षराची गोष्ट घरोघर पोहोचली आणि तीच निकाल होऊन बसली. कानाने दिलेल्या निकालावर अपील चालत नाही, नाना.

नाना : पण ते गाणे नभोवाणीच्या जन्मापूर्वीचे आणि ती अक्षराची गोष्ट तर त्याहून जुनी. कानाची ही खोड आमच्या माध्यमाने लावलेली नाही. आता मी आपल्यापुढे उलट उदाहरण ठेवतो. एडिंबरोच्या बर्क आणि हेअर या दुकलीने १८२८ साली सोळा माणसे मारली आणि त्यांचे देह डॉक्टर रॉबर्ट नॉक्सच्या शरीरशास्त्राच्या वर्गाला विकले. देहाला आठ-दहा पौंड मिळत. खुणा राहू नयेत म्हणून ते नाक-तोंड दाबून मारीत, कारण गिऱ्हाइकाला माल धड हवा असे. मालिकेत या भागाचे नाव जाहिरातीच्या थाटाचे आहे : देह हवा असेल तर बर्क आणि हेअर यांस कळवावे! आपल्याला ते बीभत्स वाटेल; पण प्रकरण खरोखरच बाजाराचे होते, म्हणून जाहिरात हेच त्याचे खरे वर्णन. आता आपले दप्तर पाहा. सोळांपैकी तिघांचे खून आरोपपत्रात आले, आणि सुनावणी झाली ती मार्गारेट डॉकर्टी या एकाच बाईच्या खुनाची. कागदावर सर्वांत ऐसपैस बोलला तो हेअर, म्हणजे माफीचा साक्षीदार, आणि तो सुटला. नॉक्सवर खटलाच झाला नाही. बर्कला २८ जानेवारी १८२९ रोजी फाशी झाली, त्याच्या देहाची चिरफाड झाली, आणि त्याचा सांगाडा आजही एडिंबरो विद्यापीठाच्या संग्रहात आहे. मेरी पॅटरसन आणि ‘वेडा जेमी’ म्हणून गावाला ठाऊक असलेला जेम्स विल्सन यांच्या खुनांची सुनावणी कोणी केली? रस्त्यावरच्या पोवाड्यांनी आणि चोपड्यांनी केली. नॉक्सच्या दारावर जमाव गेला, तो निकालपत्र वाचून गेला नव्हता.

रावसाहेब : जमाव गेला, हे खरे. या आणि लंडनमधल्या तसल्याच एका प्रकरणानंतर १८३२ चा शरीरशास्त्रविषयक कायदा झाला, हेही खरे. पण त्या कायद्याने काय केले? आश्रयगृहात मेलेल्या आणि कोणी ताब्यात न घेतलेल्या गरिबांचे देह वैद्यकीय शाळांना मिळण्याची तजवीज केली. भीती सर्वांना वाटली आणि भुर्दंड गरिबांना बसला. भयकथा कायदा घडवू शकते, पण तो कायदा शहाणा असेलच असे नाही, एवढे यावरून दिसते. तरीही ते असो. त्याच खटल्यातली दुसरी बाजू मी आपल्याला दाखवतो. बर्कबरोबर त्याची सोबतीण हेलन मॅकडूगल हिच्यावरही आरोप होता. स्कॉटलंडच्या कायद्यात दोषी आणि निर्दोष यांच्या मध्ये ‘आरोप शाबीत झाला नाही’ असा तिसरा निकाल असे, आणि तिला तो मिळाला. मला एवढेच सांगा, तुमच्या ध्वनिपरिणाम देणाऱ्या इसमाजवळ डोके तुटल्याचा आवाज आहे. ‘शाबीत झाले नाही’ याचा आवाज त्याच्याजवळ आहे काय?

नाना : त्याला आवाज नाही. त्याला फक्त स्तब्धता आहे.

रावसाहेब : आणि ती तुम्हाला परवडत नाही! रंगभूमीवर मूक पात्र तासभर बसून राहिले तरी ते प्रेक्षकांना दिसत असते. न्यायालयात ॲडलेड बार्टलेट एक शब्द बोलली नाही, तरी बारा ज्यूरर तिच्याकडे पाहत होते. नभोवाणीवर मात्र जो बोलत नाही तो अस्तित्वातच नसतो. म्हणजे आरोपीचे मौन हे जे न्यायाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे, तेच तुमच्या माध्यमाला दाखवता येत नाही. पात्र हवे तर त्याला बोलते करावेच लागते, आणि बोलते केले की त्याच्या स्वराला एक बाजू घ्यावीच लागते. हा दोष कोणा लेखकाच्या अभिरुचीचा नाही, तो यंत्राच्या घडणीतला आहे.

नाना : आपण नेमक्या ठिकाणी बोट ठेवलेत, आणि म्हणूनच माझे उत्तरही तेथूनच निघते. सूत्रधार कशासाठी असतो? मूक माणूस कानाला दाखवण्यासाठी. ती तेथे बसली आहे आणि बोलत नाही, हे वाक्य सूत्रधाराने उच्चारले की ती खोलीत आली. स्कॉटलंड यार्डच्या संग्रहालयातील वस्तूंवर १९५१-५२ मध्ये ‘द ब्लॅक म्युझियम’ ही मालिका झाली, तिच्यातही ऑर्सन वेल्सची पावले दालनातून घुमत जात, तो एखाद्या पेटीपाशी किंवा दोरीपाशी थांबे, आणि मग त्या मुक्या वस्तूच्या वतीने हकीकत उघडे. पात्रे बाजू घेतात. सूत्रधाराला ती न घेण्याची सोय आहे. आपल्या भाषेत बोलायचे तर पात्रे वकील आहेत, आणि सूत्रधार हा प्रकरण समजावून देणारा न्यायाधीश. आता शेवटचे उदाहरण. मॅसॅच्युसेट्समधील बाथशीबा स्पूनरचा भाग आपण ऐकलात ना?

रावसाहेब : ऐकला. नवऱ्याला सैनिकांकरवी मारवून विहिरीत टाकले होते. १७७८ सालचे प्रकरण. गुन्ह्याबद्दल शंका नाही.

नाना : गुन्ह्याबद्दल नाही. पण फाशीची शिक्षा झाल्यावर तिने आपण गरोदर असल्याचे सांगितले आणि मूल जन्मेपर्यंत मुदत मागितली. कायद्याने नेमलेल्या सुइणींनी आणि जाणत्या स्त्रियांनी तपासून, पोटात जिवंत गर्भ नाही, असे शपथेवर सांगितले. तिने पुन्हा अर्ज केला. दुसऱ्या तपासणीत मते दुभंगली. तरीही अंमलदारांनी तहकुबी नाकारली आणि २ जुलै १७७८ रोजी तिला तिघा साथीदारांसह वूस्टर येथे फाशी दिले. मग तिच्याच इच्छेनुसार देह उघडून पाहिला, तेव्हा आत पाच महिन्यांचा पुरुषगर्भ निघाला. येथे ती मुकी नव्हती, रावसाहेब. येथे ती बोलत होती, खरे बोलत होती, आणि आपले दप्तर तिचे बोलणे टिपून घेऊन दाखल करून टाकत होते. हा गर्भ कोणत्या कलमाखाली मारला गेला, हा प्रश्न तुमच्या खात्याने विचारला नाही. तो विचारण्यासाठी खटल्याचा निकाल लागून गेलेला असतानाही तीच गोष्ट पुन्हा सांगणारा कोणीतरी हवा असतो.

रावसाहेब : परंतु तपासण्या दोन झाल्या आणि दुसरीत मतभेद झाला, हे तुम्हाला कळले कोठून? त्याच दप्तरातून. आपल्या खात्याची नामुष्की आपल्याच हाताने लिहून ठेवण्याची जी शिस्त, तिला मी न्यायाचा अर्धा भाग समजतो. उरलेला अर्धा म्हणजे ते उघडून वाचणे, आणि तो पुष्कळदा आमच्या हातून होत नाही, एवढे मी मान्य करतो. तेव्हा तुमच्या मंडळींनी खुशाल वाचावे. मात्र तीन अटी पाळाव्यात. ज्याला न्यायालयाने सोडले त्याचा स्वर गुन्हेगाराचा करू नये. कागद जेथे संपतो तेथे सूत्रधाराने तसे स्पष्ट सांगावे. आणि खुनाच्या हकीकतीत हशा पिकवू नये.

नाना : पहिली अट मान्य. ती अवघड आहे, पण चांगल्या नटीला दोन्ही अर्थ तोलून धरणारा उच्चार साधतो, आणि ज्या दिवशी साधतो त्या दिवशी श्रोता ज्यूरीच्या बाकावर बसतो. दुसरी अट तर मी आनंदाने घेईन. ‘यापुढे कोणालाच ठाऊक नाही’ या वाक्याइतके भयंकर वाक्य कोणत्याही भयकथालेखकाला सुचलेले नाही. तिसरी मात्र मान्य नाही. नॉक्ससमोर गंभीर राहायचे म्हटले तर त्याची प्रतिष्ठा आपणच राखल्यासारखे होते. जल्लादाचे हात भाजले म्हणून बाई जिवंत जळाली, ही सरकारी हकीकत जशीच्या तशी थंडपणे वाचली तरी तिच्यातून उपहास निघतो; तो काढून टाकायचा तर हकीकतच बदलावी लागेल.

रावसाहेब : मग तिसऱ्या अटीत दुरुस्ती करून घ्या. मृताच्या आणि ज्याचा गुन्हा शाबीत झाला नाही अशाच्या खर्चाने हसू नये. अंमलदाराच्या, वैद्याच्या आणि न्यायाधीशाच्या खर्चाने हसण्यास हरकत नाही.

नाना : आणि तो न्यायाधीश निवृत्त झालेला असेल तर?

रावसाहेब : तर त्याने तो भाग शेवटपर्यंत ऐकावा, आणि हशा नेमक्या कोणत्या नोंदीवर पिकला ते टिपून ठेवावे, कारण तपासायला पहिल्याने तेच पान काढावे लागेल.